पडद्यामागची टकळी

बाबांनी स्वतःच्या हातांनी बनवलेली स्पीकरची जोडी काही केल्या घराबाहेर पडत नव्हती. म्हणजे स्पीकर बिचारे तयार होते, बाबाच अडून बसले होते. "खरा आवाज आणि यांचा आवाज यात फरक कळेनासा होईल, तेव्हाच," हे त्यांचं पालुपद. इकडे शनिवारी शाळेचं नाटक. हॉलचा जुना स्पीकर घसा बसल्यासारखा खरखरायचा, आणि टकळीने वर्गात छाती ठोकून सांगून टाकलं होतं, "आमचे आणते!"

तोंड सतत चालू, म्हणून टकळी. खरं नाव फक्त हजेरीपुरतं.

"मग परीक्षा घ्या ना," ती बाबांना म्हणाली. "काकूला ओळखू दे."

काकू गाणं शिकवायची. तिच्या कानातून सूर निसटणं कठीण. तिला खुर्चीत बसवून समोर पडदा बांधला. त्यामागे कधी टकळी धडा वाचणार, कधी तिचंच रेकॉर्डिंग स्पीकरवर लागणार.

"ही खरी. हा डबा. डबाच. ही खरी." काकू भाजी निवडावी तशी निवडत गेली. एकदाही चुकली नाही.

बाबांचा चेहरा उतरला. "वहिनी, कशावरून?"

"भाऊजी, डब्यातली पोरगी दोन खोल्यांत बोलते."

बाबांनी कपाळावर हात मारला. रेकॉर्डिंग याच खोलीत केलं होतं! भिंतींचा घुमारा त्यात आधीच शिरलेला, आणि वाजवताना त्याच भिंती पुन्हा घुमत होत्या. मग टकळीला गाद्या-रजयांच्या ढिगात कोंबून पुन्हा वाचायला लावलं. घामाने निथळली, पण नाटकासाठी काय वाट्टेल ते!

परत पडदा. या वेळी काकू थबकली. डोळे मिटले. टकळीचा जीव टांगणीला.

"हा डबा," काकू म्हणाली. "टकळी वाचताना मान हलवते. आवाज कधी खिडकीकडे जातो, कधी कपाटाकडे. हा आपला नाकासमोर बोलतो."

बाबा मटकन खाली बसले. "म्हणजे आता मान हलवणारा स्पीकर करू? उद्या ही उड्या मारेल! याला अंतच नाही."

"पण बाबा, डबा ओळखायला काकूला शेजारी खरी मी लागले ना? नाटकात आगगाडीची शिट्टी आहे. खरी आगगाडी कोण उभी करणारे विंगेत?"

काकू खो खो हसली. बाबांनी मिशी चोळली.

"शिट्टी कुठे रेकॉर्ड केलीस?"

"उघड्या माळावर."

"बरं केलंस." ते उठले. "मी शेवटच्या रांगेत बसणार. कानाला खुपलं, तर सोमवारी स्पीकर पुन्हा उघडून बसेन. धर त्या बाजूने. आणि तोंड बंद, पुढे पायरी आहे."