दोन हातांचं तेल

गॅरेजमध्ये मेकॅनिकने इंजिनातून काढलेल्या डिपस्टिकच्या, तेल मोजायच्या पट्टीच्या, टोकाशी तेलाचा थेंब फुगत होता, पडत नव्हता, आणि गाडी घेऊन आलेला तो त्या थेंबाकडे निकालाची वाट बघितल्यासारखा बघत होता. इंजिन गेलं असेल तर त्याचा फायदाच फायदा. आई सकाळीच म्हणाली होती, "इंजिनच गेलं असेल तर विकून टाक, मी अडवणार नाही". म्हणजे दारातली जागा मोकळी, रोजची किरकिर बंद, आणि वडिलांच्या अंगाने खोल झालेल्या त्या सीटमध्ये आपलं अंग बसवणंही बंद. गाडी ठणठणीत निघाली तर हाती काय... तीच सीट. सरळ सौदा होता. त्यासाठी रडावं लागत नव्हतं, नुसतं मेकॅनिकने तोंड वाकडं करायला हवं होतं.

मेकॅनिक तोंड वाकडं करत नव्हता. इंजिन चालू ठेवून मागे जाऊन त्याने सायलेन्सरचा धूर बघितला.

"निळा नाही. या वयाची गाडी थोडं तेल पितेच, पण तुम्ही म्हणता तो जळका वास त्याचा नाही. बाहेर सांडतंय कुठेतरी."

वास चालत्या गाडीत येत नसे, सिग्नलला थांबलं की यायचा — कढई गॅसवर विसरल्यासारखा, कडवट. वडील गेल्यापासून त्याला धड जाणवलेली ती पहिली गोष्ट. चहा, ऑफिस, भेटायला आलेल्यांची ती हळू आवाजातली वाक्यं — सगळं काचेपलीकडे चाललेलं. हा वास तेवढा काचेच्या अलीकडे. आणि त्याचाही उपयोग काय केला मी, तर गाडी विकायला निमित्त म्हणून...

मेकॅनिकने इंजिन फडक्याने कोरडं पुसलं आणि थोडा वेळ चालू ठेवलं. झाकणाच्या कडेखालून तेलाची बारीक रेघ उतरली, तापल्या पाइपवर टेकली, आणि धुराचं एक बोट वर आलं.

"हे बघा चोर. झाकणाखालचं गास्केट, रबरी पट्टी, गेलीय."

"आणि इंजिन?"

"इंजिन तुमच्या-माझ्यापेक्षा बरं आहे."

बाकावर पर्स मांडीवर धरून बसलेल्या आईने श्वास सोडला. तो त्याला ऐकू आला. आपण मात्र कसला श्वास धरला होता की नव्हता, हे त्याला सांगता आलं नसतं.

"पण एक कळत नाही," मेकॅनिक डिपस्टिक पुन्हा पुसून, बुडवून, बाहेर काढत म्हणाला. "गळक्या गाडीत तेल कमी व्हायला पाहिजे. हे तर खुणेच्या कितीतरी वर! बाळसं आलंय काकू तुमच्या गाडीला. मग ते दाबाने वाट काढणारच. ओततं कोण?"

"मी," तो म्हणाला. "दर रविवारी एक माप. बाबा ओतायचे तसं."

"एक माप ती खाते. एवढं नाही साठायचं. दुसरं कोण? भूत ओततंय का?" — आणि मेकॅनिकने जीभ चावली.

तेलाचा डबा लवकर संपायचा खरा. त्याला वाटायचं, गळतंय. आणि नरसाळं... तो ते तसंच ओलं टाकून जायचा, पुढच्या रविवारी ते पुसून खिळ्याला टांगलेलं असायचं. मीच पुसलं असेल — हल्ली आपण काय केलं ते आपल्याला कुठे आठवतं...

"शनिवारी," आई पर्सच्या चेनकडे बघत म्हणाली. "मी ओतते. रविवारी तू घरात असतोस. तुझ्यासमोर कशाला, म्हटलं."

मेकॅनिकने गाडीखाली घमेलं सरकवलं.

"एका हाताचं तेल लागतं हिला, दोन हातांचं नाही. कुणी ओतायचं ते घरात ठरवा."

घमेल्यात काळी धार पडत राहिली. त्यातलं माझं कुठलं, तिचं कुठलं — शेजारच्या खोलीत राहून दोन माणसं इतके दिवस एकाच भोकात, एकमेकांची नजर चुकवून...

नवं गास्केट बसवून परतताना सिग्नलला त्याने नकळत नाकाने श्वास ओढला. काही नाही. रबराचा, रस्त्याचा, नेहमीचा वास.

"गेला ना?" आई म्हणाली.

"गेला."

"तूच ओतत जा. मला तो डबा जड होतो."

सकाळी तिने भरलेली बादली एका हाताने उचलली होती. तो म्हणाला, "तूच ओत. मला रविवारी झोपायचं असतं."

"बघ हं. मागाहून म्हणशील."

"नाही म्हणत."

ती आणखी एकदा नको म्हणेल असं तो धरून चालला होता. एकदा तरी. ती म्हणाली नाही. "बरं," म्हणाली, आणि खिडकीकडे वळली. तिच्या मानेत जे सैल झालं ते त्याला दिसलं, आणि त्याच वेळी त्याच्या छातीत काहीतरी आवळलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, चक्क दुखलं म्हणण्याइतकं. रविवारी बोनेट उघडून उभं राहिलं की काही वाटायचं नाही, हे खरं. पण काही न वाटायला ती एवढीच जागा होती त्याची, आणि ती त्याने आत्ताच देऊन टाकली होती. विकायचं काय झालं, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं...

मेकॅनिकला काम मिळालं, गाडीचं पोट हलकं झालं, आईला शनिवारच्या चोरीऐवजी राजरोस रविवार मिळाला. किंमत भरली त्याने, ज्याला सकाळी सगळा फायदाच दिसत होता. आणि किती भरली, ते अजून त्याला मोजता येत नव्हतं.