रोज मोडणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्यावर बसू नका. दिसायला मी अजून धडधाकट आहे. पक्कं लाकूड, रुंद पाठ, हात टेकायला दोन गुळगुळीत दांडे. पण माझ्या मागच्या उजव्या पायात खोट आहे. ती कशी आली, तेच सांगायला बसले आहे.

मला एका सुताराने घडवलं. गिऱ्हाईकासाठी नव्हे, स्वतःच्या बायकोसाठी. तिचे गुडघे धरले होते, खाली बसलं की उठताना जीव जायचा. सुताराने तिच्या मापाने माझे पाय बेतले, म्हणून मी इतर खुर्च्यांपेक्षा चार बोटं बुटकी. तिचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, एवढाच त्याचा हट्ट होता. ती माझ्यावर बसून भाजी निवडायची, केस वाळवायची, शेजारणीशी गप्पा छाटायची. सुतार मात्र माझ्यावर कधीच बसला नाही. ही तुझी जागा, म्हणायचा आणि आपण उंबऱ्यावर टेकायचा.

त्यांना एकच लेक. सारखा बापाच्या हत्यारांत हात, म्हणून घरात तिचं नाव पडलं खुडबुडी. करवत कशी धरायची, सांधा कुठे घ्यायचा, हे तिला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. बघून बघूनच ती तयार झाली.

पुढे तिची आई गेली. सुतार मला रोज पुसायचा, पण कुणाला बसू द्यायचा नाही. एखादा पाहुणा माझ्याकडे वळला, की हा घाईघाईने दुसरं काहीतरी पुढे सरकवायचा. बसणारं माणूस गेल्यावर खुर्चीने काय करायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

अशात खुडबुडीला लांबच्या शहरात एका नाटक कंपनीत इंटर्नशिप मिळाली. रंगमंचावर लागणारं सामान जमवायचं, दुरुस्त करायचं, प्रयोगात जागच्या जागी ठेवायचं. काम पसंत पडलं तर कायमची नोकरी, नाहीतर घरी परत. निघायच्या दिवशी सुताराने मला गोणपाटात गुंडाळून बसच्या टपावर चढवलं. लेक म्हणाली, अहो बाबा, तिकडे काय खुर्च्या मिळत नाहीत?

"मिळतात गं," तो म्हणाला. "पण परक्या गावात बसायला आपलं काहीतरी असावं. नाहीतर माणूस उभाच राहतो."

मित्रांनो, खरंच सांगते, ती उभीच होती. कंपनीत तिला 'ए नवीन' म्हणून हाक मारायचे. झाड, उचल, धाव, आण. खोली म्हणजे एक जिना संपतो तिथली जागा, खिडकी उघडली की समोर भिंत. संध्याकाळी येऊन ती पायातल्या चपलांसकट माझ्यावर बसायची. आधी थोडं रडायची, मग नाक पुसायची, मग सकाळचा भात गरम करायची. तिचेही पाय जमिनीला नीट टेकायचे. आईच्याच उंचीची ना ती!

नव्या नाटकात एक प्रसंग होता. थोरला भाऊ भांडता भांडता रागाने खुर्चीत बसतो, खुर्ची मोडते आणि तो खाली आपटतो. ऐकायला सोपं वाटतं. पण भंगारातून आणलेली एक खुर्ची नट बसायच्या आधीच कोसळली, दुसरी काही केल्या मोडेना, तिसरीची ढलपी नटाच्या मांडीत घुसली. दिग्दर्शकांचं डोकं फिरलं. सामानखोलीचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी खुडबुडीला बोलावून सांगितलं की उद्यापर्यंत खुर्ची जमली नाही तर प्रसंग जाईल, आणि प्रसंगाबरोबर तूही.

त्या संध्याकाळी ती माझ्यावर बसली नाही. नुसती समोर उभी राहून बघत होती. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामानखोलीत तिने मला उलटं केलं, पायावर पेन्सिलची रेघ मारली आणि करवत लावली. बापाकडून उचललेली विद्या बापाच्याच कामावर चालली. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? तिचे डोळे गळत होते, करवत मात्र रेघेवरून जराही ढळली नाही. कापलेल्या तुकड्यांत तिने एक बारीक खुंटी बसवली, भेगेवर मेण आणि रंग चोपडला, आणि दांड्याला लाल चिंधी बांधली. त्या कंपनीत लाल चिंधी म्हणजे हात लावू नये.

पहिल्याच प्रयोगात नट बसला, खुंटी कटकन तुटली, प्रेक्षकांनी श्वास रोखला आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. दिग्दर्शक खूश. तेव्हापासून दर प्रयोगाला मी मोडते, आणि पुढच्या प्रयोगाआधी मला नवी खुंटी मिळते. इतकी वर्षं भार सोसला तेव्हा कुणी शाबासकी दिली नव्हती. मोडायला लागले आणि कौतुक झालं. त्यात काय आनंद मानायचा?

फोनवर सुतार दर वेळी विचारायचा, खुर्ची बरी आहे ना, बसतेस ना? खोलीतल्या वळकटीवर बसून ती सांगायची, हो बाबा, रोज बसते.

तिला कायमची नोकरी लागली, तशी तिने बापाला प्रयोगाला बोलावलं. आला की समोर बसवून सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. पण बाप तो, लेकीच्या ओढीने आधीच्याच बसने आला. ती मंचावर सामान मांडत होती. दारावरच्या माणसाने त्याला सामानखोलीत थांबायला सांगितलं.

तिथे त्याने मला पाहिलं. अनोळखी गर्दीत घरचं माणूस भेटावं तसा त्याचा चेहरा उजळला. जवळ येऊन त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. लाल चिंधी त्याला शोभेची वाटली असावी, त्याने ती अलगद बाजूला सारली. प्रवासाने तो थकला होता. मी ओरडले असते हो, पण लाकडाला तोंड कुठलं? एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्यावर बसला.

खुंटी तुटली. तो कोपरावर आपटला. आवाज ऐकून मास्तर धावले, चिंधी दिसत नाही का म्हणून करवादले. मागोमाग खुडबुडी आली आणि दारातच थिजली.

सुतार जमिनीवरच बसला होता. हातात माझा कापलेला पाय. त्याने कापावरून अंगठा फिरवला.

"काप सरळ आलाय," तो म्हणाला.

ती रडायला लागली. त्याने तिला जवळ घेतलं, कोपर दुखत असतानाही घेतलं. मग विचारलं, खुंट्या कुठे ठेवतेस? आणि त्याने स्वतःच्या हाताने नवी खुंटी बसवली, कारण प्रयोग सुरू व्हायचा होता.

शेवटच्या रांगेत बसून त्याने मला मोडताना पाहिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. त्याचे हात मांडीवर होते.

निघताना तिने हळूच विचारलं, बाबा, हिला नवा पाय लागेल का?

"लागेल की. आत्ता लावू?"

ती माझ्या दांड्यावरची लाल चिंधी नीट करू लागली. उद्या पुन्हा प्रयोग होता. त्याने समजून मान हलवली आणि तो बसकडे चालू लागला. आता फोनवर तो तिच्या जेवणाखाण्याची चौकशी करतो, कामाची करतो. माझं नाव काढत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पोटासाठी, कामासाठी कधी कधी घरचंच लाकूड कापावं लागतं. एवढंच करा, ज्याने ते घडवलं त्याला वेळेवर सांगा. तो विश्वासाने येऊन बसायच्या आधी.