कडूबाचा पंचा

“कडूबा, गुडघे परत तळाला टेकले,” पोहण्याच्या तलावाच्या काठावरून मधुसूदन सर म्हणाले आणि कागदावर तिसरी फुली मारली.

परीक्षा दिसायला सोपी होती. पाठीला हवेची टाकी बांधून मधल्या पाण्यात पालथं, सरळ, न हलता पाच मिनिटं राहायचं. अग्निशमन दलाचा पाणबुड्या म्हणून कडूबाने बावीस वर्षांत वैजापूरपासून फुलंब्रीपर्यंतच्या विहिरींतून माणसं काढली होती, पण असं अधांतरी राहणं काही त्याला जमेना. विहिरीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो. उभं उतरायचं आणि पायांनी तळ चाचपायचा, ही त्याची रीत. पाय टेकल्याशिवाय त्याच्या जिवाला चैनच पडत नसे.

“साहेब, हिरीत असं आडवं कोण ऱ्हातं?”

“पाय टेकले की गाळ उठतो, आणि उतरणाराच अडकतो. मागच्या वर्षी एक जण असाच गेला. तुमचा जीव जाऊ नये म्हणून आहे हे.”

सरांचं खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. नापास म्हणजे आजपासून पाण्यात उतरायचं नाही.

दुपारी फुलंब्रीकडच्या एका वस्तीवरून फोन आला. रामकिसन नावाचा माणूस पाणी उपसायची मोटार काढताना विहिरीत पडला होता, सकाळपासून वर आला नव्हता. कडूबाही गाडीत चढला. दोर धरायला माणूस लागतोच.

रामकिसनच्या बायकोने, सारजाबाईने, त्याला लांबूनच ओळखलं.

“माझ्या भावाला तुमीच काढलं होतं. झोपल्यावानी दिसत होता. ह्यांनाबी तुमीच काढा, दादा.”

“मला नाय उतरता येत आता, बाई. हा बन्सी उतरंल. लई हुशार हाय.”

बोलताना कडूबाला स्वतःचीच लाज वाटली. बन्सी सकाळी पहिल्याच फटक्यात पास झाला होता.

कडूबाने कमरेचा पंचा सोडला. तो घेतल्याशिवाय तो कधी उतरला नव्हता. बुडालेल्याच्या तोंडावर तो खाली पाण्यातच पंचा बांधायचा. वर आणल्यावर आडोशाला नेऊन तोंड धुवायचं, डोळे मिटवायचे, मगच घरच्यांना दाखवायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

“बन्सी, एवढा घेऊन जा. खालीच तोंडाला बांध.”

बन्सी टाकीचे पट्टे आवळत होता. “लोंबणारं कायबी न्यायचं नाय, काका. तुमच्यासमोरच सांगितलं ना सरांनी.”

“व्हय. सांगितलं.”

कडूबाने पंचा खांद्यावर टाकला आणि दोर हातात घेतला.

बाराव्या मिनिटाला दोराला तीन हिसके बसले. बन्सीने काम चोख केलं होतं. कडूबा आणि गाडीवरचे दोघे ओढू लागले. पाण्यातून आधी रामकिसनचं तोंडच वर आलं. डोळे उघडे होते, ओठांत गाळ होता.

“बाई, मागं सरा.”

सारजाबाई सरली नाही. ती कठड्यावरून वाकली होती. कडूबाचे दोन्ही हात दोरात गुंतलेले. सोडावा तर माणूस पुन्हा खाली. खांद्यावरचा पंचा कोरडाच होता. तो ओढत राहिला, एकेक हात, आणि ते तोंड तिच्या जवळ येत गेलं.