खंदकातला पहिला हुकूम

यज्ञेश्वर सरांनी लढाई बघितली ती एवढीच, की एकाहत्तर साली घरातला उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना काळा कागद डकवला, आणि तोही असा, की दुसऱ्या दिवशी निम्मा खाली. आणि हा गडी युद्धकथा लिहितोय! सदऱ्याला खडूची धूळ लागली तर तीनदा झटकणारा माणूस, त्यानं खंदकातल्या चिखलावर दीड पान खरडलं होतं. शाळेचा शिपाई दस्तगीर त्याला मनातल्या मनात हसायचा.

हसायचा, पण बोलायचा नाही. कारण कथेतला हीरो खुद्द दस्तगीरच होता.

पासष्टच्या लढाईत तो खंदकात टेलिफोनवर होता, सोबतीला मुरगूडचा पिराजी. पिराजी परत आलाच नाही. दस्तगीर लंगडत आला आणि कोल्हापुरात या शाळेची घंटा वाजवायला लागला. गेल्या वर्षी सरांनी त्याला मिसळ खाऊ घातली आणि सगळं विचारून घेतलं. नावंही तीच ठेवली, ‘अस्सल मातीतली नावं’ म्हणे! कथा शाळेच्या वार्षिक अंकात छापून आली तेव्हा दस्तगीरनं तो अंक चहाच्या गाड्यावर आठवडाभर मिरवला. वाचला मात्र शेवटचा परिच्छेद तेवढा, जखमी पायाचा दस्तगीर एकटा चौकी राखतो तो. बाकीचं कशाला वाचायचं, आपल्याला ठाऊकच हाय की, म्हणाला. मोठा शहाणा!

सहामाहीच्या आधी एका दुपारी तो नोटीसवही घेऊन नववीच्या वर्गाच्या दारात उभा राहिला. आत त्याचीच कथा चालली होती. सरांनी ती परीक्षेलाच लावली होती. स्वतःची पालखी स्वतःच उचलायला लाज वाटत नाही काही जणांना.

“कथा कोणाच्या नजरेतून सांगितली आहे?” सरांनी विचारलं.

“दस्तगीरच्या,” पोरी एका सुरात ओरडल्या.

“शाबास. म्हणजे तो जे पाहतो तेच आपण पाहतो. आता घटनाक्रम. लीला खराडे, पुढे ये. फळ्यावरच्या घटनांना नंबर दे.”

दस्तगीरनं फळा वाचला. तोफगोळा पडला. दस्तगीर एकटा लढला. जागा न सोडण्याचा हुकूम आला. पिराजी भिऊन पळून गेला.

भिऊन?

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. हे कधी सांगितलं आपण? आणि फळ्यापुढं उभी राहिली कोण, तर पिराजीची लेक! तिच्या आईनं, चिमणावहिनीनं, पोरगी शिकावी म्हणून मुरगूडहून धाडली, दस्तगीरनंच तिचं नाव या शाळेत घातलं. ती त्याला मामा म्हणायची. सर रोज हजेरीला ‘लीला पिराजी खराडे’ असं पुकारत होते, आणि या विद्वानाच्या डोक्यात एक दिवसही उजेड पडला नव्हता.

लीलानं खडू उचलला आणि तशीच थांबली. पाठ वर्गाकडं, मान खाली.

“अगं, सोपं आहे,” सर म्हणाले. “आधी हुकूम, मग हा पळतो. दस्तगीरने मला उलट सांगितलं होतं, आधी पिराजी गेला, मग हुकूम आला. पण त्यात काही राम नव्हता. मी हुकूम आधी घेतला, तेव्हा कुठे पळण्याला धार आली.”

धार म्हणे! दस्तगीरची कानशिलं तापली. ह्या मास्तरला खंदकात एक दिवस बसवला पाहिजे, गुडघाभर पाण्यात, मग दाखवू म्हणावं धार. पण शिव्या देता देता त्याचं त्यालाच आठवलं, आपण तरी काय सांगितलं होतं? ‘पिराजी गेला, तो गेलाच.’ का गेला, ते सांगितलंच नव्हतं. मिसळीच्या रश्श्याबरोबर तेवढा घास गिळला होता, गेली अकरा वर्षं गिळत आला होता तसा. मास्तरनं रिकाम्या जागेत भीती भरली. जागा रिकामी ठेवली कुणी?

“दस्तगीर, झाली सही. जा तू,” सरांनी त्याच्या हातातली वही घेऊन सही ठोकली आणि परत पुढं केली.

जा की आता. हीरो हायस न्हवं? जा, घंटा बडव.

“न्हाय,” तो म्हणाला. “सर, एक घटना फळ्यावर न्हायच.”

पोरी वळून बघायला लागल्या. लीला वळली नाही.

“त्या हुकमाच्या आधी आणि एक हुकूम आलता. फोन माझ्याच कानाला होता, मीच ऐकला. पुढच्या चौकीची तार तुटलीया, एक माणूस धाडा जोडायला. पिराजी पळाला न्हाय सर, तार जोडाय गेलता. जोडली बी त्यानं. त्याच तारंवर पुढची चौकी बोलली आणि तासाभरानं आमाला हुकूम आला, जागा सोडू नका. तवर तोफगोळा पडलाच. त्यो परत आला न्हाय.”

“अरे, पण मग हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?” सर वैतागले. “प्रश्नपत्रिका छापून झाली आहे!”

तेवढ्यात लीला वळली. डोळे कोरडे ठणठणीत. “मामा, तार जोडायचं काम बाबांचं होतं?”

मास्तरला हे विचारायचं सुचलं नव्हतं. पोरीला सुचलं. दस्तगीरनं नोटीसवही घट्ट धरली.

“न्हाय, पोरी. त्या दिवशी डूटी माझी होती. मी भ्यालो. ताप आलाय म्हणालो. त्यो म्हणाला, पड तू, मी येतो जाऊन.”

 

लीलानं डस्टर घेतलं. ‘पिराजी भिऊन पळून गेला’ ही ओळ तिनं पुसली, दोनदा, हात जोरात दाबून. मग फळ्याच्या अगदी वर, जिथं सर तारीख लिहायचे तिथं, टाचा उंचावून लिहिलं: ‘१. डूटी दस्तगीरची होती.’

मामा नाही. नुसतं दस्तगीर.

तिनं खाली ‘२’ काढला आणि बापाची ओळ लिहायला घेतली. घंटेची वेळ होऊन गेली होती, तरी दस्तगीर दारातच उभा होता. ती गोष्ट त्यानं पहिल्यांदाच वरपासून वाचायला घेतली होती.