दगडी बैलाच्या कुशीवर हात

हँडब्रेक न ओढताच तोकुजी गाडीतून उतरले. उतारावर गाडी सरकली तशी हात्सुएने झटकन तो ओढला आणि मग दार उघडलं.

"चल लवकर," तोकुजी म्हणाले. "अगं, पुलापलीकडे विद्येच्या देवाचं देऊळ, आणि आपल्याला पत्ता नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. काल फिरता फिरता सापडलं."

पायऱ्या तिने लगेच ओळखल्या. मुलाच्या, शुहेईच्या प्रवेशपरीक्षेआधी ते तिघं इथेच आले होते. तोकुजींनीच पोराचा हात धरून बैलाच्या डोक्यावर घासला होता.

"छान आहे हो," ती म्हणाली.

उद्या तोकुजींची परीक्षा होती. पंचाहत्तरी उलटलेल्या चालकांना चित्रं दाखवतात, मग आठवून लिहायला सांगतात. नाही जमलं तर डॉक्टर, आणि मग गाडीचा परवाना गेलाच. तो गेला तर तिचं डायलिसिस अडणार होतं. गावची बस कधीच बंद झाली होती, आणि घाट उतरल्याशिवाय हॉस्पिटल नव्हतं. पण गेल्या आठवड्यात रेल्वे फाटकात, ऐन रुळांवर गाडी थांबवून त्यांनी विचारलं होतं, "आता कुणीकडे?" घंटा वाजत होती. त्या दिवसापासून त्यांच्या शेजारी बसताना तिचा जीव मुठीत असे.

देवळासमोर दगडी बैल बसला होता, आपल्या नंदीसारखा. आपलं जिथे दुखतं, तिथेच त्याच्या अंगावर हात फिरवायचा. डोकं मात्र विद्यार्थ्यांचं; घासून घासून गुळगुळीत झालेलं. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी बाजूला सरकली.

"आजोबा, तुमचीपण परीक्षा?"

"उद्या. तुझी?"

"परवा. रात्री झोपच लागत नाही."

"मलाही नाही," तोकुजी हळू आवाजात म्हणाले. घरी हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

ते बैलाच्या कुशीवर हात फिरवू लागले. मुलगी हसली.

"आजोबा, डोकं तिकडे आहे."

"माहीत आहे गं. इतकाही वेडा नाही झालो."

हात्सुएने बैलाच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले. ह्यांना नापास कर, ती मनात म्हणाली. मागून झाल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. मग घाट कसा उतरायचा?

परतताना तिने विचारलं, "डोकं सोडून कुशीला कशाला हात लावलात?"

"तुझी मूत्रपिंडं तिथेच ना? ती सुधारली की तुला गाडीची गरजच राहणार नाही. मग मी खुशाल नापास होईन." ते थांबले. "तू काय मागितलंस?"

"तुम्ही पास व्हावं म्हणून," ती म्हणाली, आणि त्यांच्याकडे न बघता पायऱ्या उतरू लागली.