दोन पाटलांची कॉफी

खानदेशात कुठलाही दगड उचला, खाली एखादा पाटील सापडतोच. सुरतेत तर दगडही उचलायला नको. खानदेशी माणसांनी भरलेल्या लिंबायतच्या गल्लीत उभं राहून ‘ओ पाटील’ म्हणा, निम्मे बापे वळून बघतील. पण पाटील हे नुसतं वरचं झाकण. खरं कूळ त्याच्या खाली असतं, देवरे, भामरे, बोरसे, आणि ते झाकण उघडतं फक्त सोयरीक जुळवताना. कूळ एक निघालं की मुलगा-मुलगी भाऊबहीण, मग दोघांनी एकमेकांचं तोंड जन्मात पाहिलेलं नसलं तरी.

गायत्री पाटीलला हे कळतं वय आल्यापासून ठाऊक होतं. तरीही आठ महिने चेतन पाटीलशी फोनवर बोलताना तिने हा एक प्रश्न गिळला. ती रिंगरोडच्या मार्केटमधल्या दुकानात साड्यांचे फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवायची, तो पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापडाचे रंग कालवायचा. एका साडीच्या शेडवरून दोघांचं भांडण झालं आणि भांडणातून पुढचं सगळं. पहिल्या महिन्यात कूळ विचारायची लाज वाटली, कारण कूळ विचारणं म्हणजे लग्नाचं विचारणं. आठव्या महिन्यात लाज गेली आणि तिच्या जागी भीती येऊन बसली.

भीतीला नावगाव होतं. मागच्या गल्लीतली धनश्री. तिचंही असंच जुळलं होतं आणि पोरगा एकाच कुळातला निघाला. देवदर्शनाला म्हणून तिला गावी नेलं. आठ दिवसांत दोन मुलांच्या बापाशी लग्न लागलं, आणि त्यानंतर सुरतेत ती कोणाला दिसली नाही. तिची आई ‘सुखी शे’ म्हणते आणि दार लावून घेते. त्या वेळी गायत्रीचे वडील, बळीराम, जेवता जेवता म्हणाले होते, “पोर मरी गयी आसं समजानं.” आवाज चढवला नव्हता. डाळ वाढायला सांगावी तसं म्हणाले होते. तो आवाज गायत्रीच्या कानात अजून होता.

म्हणून आज पहिल्यांदाच भेटायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा. आपली माणसं ज्या भागात सहसा फिरकत नाहीत असं वेसूतलं कॅफे तिने शोधलं. रिक्षा केली नाही, कारण तिच्या लिंबायतचा निदान दर दुसरा रिक्षावाला कोणाचा तरी मामा असतो. ओढणीने डोळ्यांपर्यंत तोंड गुंडाळून ती बसने आली आणि शेवटचं अंतर भर उन्हात पायी चालली.

चेतन आधीच आला होता. फोनवर तो एवढा बडबड्या, पण समोर आल्यावर त्याने चक्क ‘तुम्ही’ म्हटलं.

“तुम्ही काय घेणार?”

“तुम्ही?” गायत्री म्हणाली. “मला काल रात्री वेडी म्हणाला होतास.”

तो हसला आणि त्याचे हात टेबलाखाली गेले. पण तिला दिसायचं ते दिसलं होतं. त्याची नखं राणी रंगाची झाली होती. आदल्या दिवशी मिलमध्ये तोच रंग चालला होता आणि साबणाने तो निघत नाही. एरवी तिने त्याला दिवसभर चिडवलं असतं. आज तिने नुसतं पाहून घेतलं.

कॉफी आली. तिच्यावर दुधाचं पान काढलेलं होतं आणि दोघांनाही ते मोडायचा धीर होईना. दार उघडलं की दोघं एकदम तिकडे बघायचे, मग एकमेकांकडे बघून कसनुसं हसायचे. पोरंपोरी कॅफेत प्रेम करायला येतात. हे दोघे चोरी करायला आल्यासारखे बसले होते.

शेवटी गायत्रीने लांबून सुरुवात केली. “तुमच्याकडे कानबाई बसते?”

“बसते ना. श्रावणात.”

“तिच्या प्रसादाचे रोट किती दिवस खाता?”

चेतनने सांगितलं. हे दिवस कुळाकुळाप्रमाणे बदलतात. तिच्या घरी तेवढेच दिवस. रोटाच्या पिठासाठी घरातल्या माणसामागे किती मुठी गहू घेतात, तेही सांगितलं. तेही तेवढेच. कुलदेवी विचारली, तीही तीच निघाली. एका देवीला पुष्कळ कुळं मानतात, म्हणून गायत्रीने अजून धीर सोडला नव्हता, पण तळहातांना घाम फुटला. आणि तिच्या ध्यानात आलं की चेतनही घामाघूम झालाय. तोही आज हेच विचारायला आला होता.

“गायत्री,” तो एका दमात म्हणाला, “आम्ही भामरे.”

गायत्रीच्या आजोबांच्या आजोबांपासून सगळे भामरेच. आता ‘आम्हीपण’ एवढा एक शब्द म्हणायचा आणि उठायचं. एवढंच करायचं होतं.

“आम्ही देवरे,” ती म्हणाली.

कोणी म्हणवलं तिच्याकडून, ते तिलाही कळलं नाही. चेतनने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. “माले रातभर झोप नही लागनी,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. एवढा मोठा बाप्या, कॅफेत सगळ्यांसमोर. गायत्रीला त्याचा हात धरावासा वाटला आणि तेवढंच तिथून पळून जावंसंही वाटलं. आतापर्यंत भीती दोघांची होती, आता ती एकटीची झाली होती.

ती काही बोलायच्या आत त्याने फोन कानाला लावलासुद्धा. “आईला सांगितलं होतं मी, एक पोरगी आहे म्हणून. ती म्हणाली, आधी कूळ विचार. थांब, आत्ताच सांगतो तिला.”

“नको, नंतर—”

“आई, देवरेसनी पोर शे!” त्याने फोन स्पीकरवर टाकून तिच्यासमोर धरला.

डिंडोलीतल्या त्याच्या घरातून त्याच्या आईचा, प्रमिलाबाईंचा आवाज आला, गोड आणि सावकाश. “बरं झायं माय. कोनता गावना देवरे?”

गायत्रीने घाबरून गावाचं नाव सांगितलं, ते खरंच सांगितलं. दुसरं सुचेना.

“आजानं नाव काय?”

खोटं कूळ सांगता येतं. खोटा आजा कुठून आणायचा? चेतन कौतुकाने तिच्याकडे बघत होता. ती म्हणाली, “दगा पाटील.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“दगा पाटील?” प्रमिलाबाई म्हणाल्या. “त्या देवरे नहीत माय. त्या आमनाच भामरे. मना सासराना चुलतभाऊ. म्हनजे तू बळीरामनी पोर? इतला वरीस एकाच सुरतमा राही राह्यनूत आन मालूमच नही! तू त घरनीच पोर शे व.” आवाज तसाच गोड होता. हा भोळेपणा की शहाणपण, ते गायत्रीला ओळखता येईना. “थांब, बळीरामभाऊना नंबर काढी सनी आतेच फोन लावस. आन चेतन, बहीनले नीट घर सोडी ये.”

फोन बंद झाला. चेतनने गायत्रीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

“का खोटं बोललीस?”

“तुला माहीत नाही का?”

ती रडली नाही. तिला धनश्रीच्या घराचं लावलेलं दार दिसत होतं. पप्पा आत्ता यंत्रमागाच्या कारखान्यात असतील, फोन वाजेल, प्रमिलाबाई सांगतील की तुमची पोरगी माझ्या मुलाबरोबर वेसूला बसलीय. संध्याकाळपर्यंत बॅग भरलेली असेल. देवदर्शनाची.

पाच मिनिटंही झाली नसतील, टेबलावरचा तिचा फोन थरथरला. पडद्यावर ‘पप्पा’. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

“मी बोलतो,” चेतन म्हणाला.

“कोण म्हणून?”

त्याने हात शर्टाला पुसले. मग त्याने फोन उचलला, आणि त्याचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला.

“काका, पाया पडस. मी चेतन, डिंडोलीना. हा, भामरेसना. गायत्रीबहीन मनासंगेच शे. कामनिमित्त भेट व्हयनी, मंग कूळ निंघनं. काळजी करू नका काका, मी सोतः घर सोडी देस तिले.”

गायत्री ऐकत होती. पलीकडे यंत्रमागांची खडखड चालली होती. मग त्यातून पप्पांचं हसणं आलं, मोकळं, मोठ्याने. हरवलेला पुतण्या सापडला होता. दोघं आता गावाकडच्या कोणाकोणाची नावं घेत होते आणि चेतन प्रत्येक नावाला ‘हो काका, हो काका’ म्हणत होता. म्हणताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

प्रमिलाबाईंनी ‘घरची पोर सापडली’ एवढंच सांगितलं असणार. गायत्री वाचली होती. कोणी तिला गावी नेणार नव्हतं, दार लावणार नव्हतं. भीती गेली, आणि तिच्या जागी जे आलं त्यापेक्षा भीतीच बरी होती, असं तिला वाटलं.

चेतनने फोन तिच्या हातात दिला. “काका म्हणतात, तू बोल.”