अर्ध्या पुण्याची पंगत

आपल्याकडे प्रवासाचे बेत नवराबायको मिळून करतात आणि प्रवास नवरा एकटाच करतो. वाचकहो, आपल्या घरात असं झालं नसेल, तर शेजारच्या घरात नक्की झालं असेल. मालवणात गुरुदासांच्या घरी ते झालं, तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून दहा-अकरा वर्षं लोटली होती.

गुरुदास कचेरीत कारकून. सगळं गाव त्यांना भाई म्हणे. दिवाळीनंतर काशी, आग्रा, दिल्ली असा मोठा दौरा दोघांनी काढायचा, असं ते बायकोला, पद्मावतीला, वर्षभर सांगत होते. पद्मावतीचं माहेर वैभववाडीचं. सह्याद्री जन्मभर डोळ्यांसमोर, पण घाट चढून ती कधी वर गेली नव्हती. मुलींच्या शाळेतल्या शुभदाबाईंकडून तिनं देशाचा नकाशा मागून आणला. गंगा कुठून निघते, यमुना तिला कुठे मिळते, ताजमहाल नदीच्या कोणत्या काठाला, हे सगळं ती चुलीपुढे बसून पाठ म्हणे. वाटेत खायला तिनं गुळाचे कडक लाडू वळले, डबे भरले, ट्रंक बांधली.

बोट सुटायच्या आदल्या संध्याकाळी भाई कचेरीतून आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "तुझ्या जागेर आबा येता. माईचे गुडघे धरलेत, तिका कोण बघतला? आणि परमुलखात बायलमाणूस म्हणजे नसती अडचण."

माई म्हणजे भाईंची आई. आबा म्हणजे भाईंचे दोस्त, सुपारीचे व्यापारी.

"मगे माझ्या काशीचा काय?" पद्मावतीनं विचारलं.

"नवऱ्याच्या पुण्यातला अर्धा बायकोक मिळता. शास्त्रच आसा तसा. तू हयसर बसान काशी करतलंस!"

आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. लाडवांचे डबे आबांनी उचलले.

पद्मावती रडली नाही. रडणाऱ्या बाईचं एक बरं असतं, तिचा राग डोळ्यांवाटे निघून जातो. हिचा राग आत मुरत राहिला, बरणीतल्या लोणच्यासारखा. ती माईंचे गुडघे शेकी, गाईला चारा घाली, आणि कुणाशी फारसं बोलत नसे.

महिन्याभरानं स्वारी परत आली. काशीहून आणलेल्या गंगेची पूजा करून जेवणावळ घालायची, मावंदं करायचं, ही आपली रीत. मावंदं भाईंचं, रांधप अर्थातच पद्मावतीचं. आदल्या दिवशी आबा पडवीत येऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, ताजमहालाच्या पायरीर बसान तुमचे लाडू खाल्लंव. काय सांगू, अशे लाडू आग्र्यात मिळूचे नाय."

बिचाऱ्यांनी कौतुकच केलं. पण म्हणजे लाडवांनी ताजमहाल बघितला आणि लाडू वळणारीनं चुलीचा धूर! त्याच घटकेला पद्मावतीनं ठरवलं, की ह्याचं उट्टं काढायचंच. आणि काढायचं ते पंगतीत, चारचौघांदेखत.

मावंद्याला अंगणापासून गुरं बांधायच्या मांगरापर्यंत पानं मांडली होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सोलकढी. भाई मधल्या पाटावर बसून कुतुबमिनाराची उंची दोन्ही हातांनी दाखवत होते आणि पंगत माना डोलवत होती. पद्मावतीनं एका टोकापासून वाढायला सुरुवात केली. सगळ्यांना वाढलं, आग्रह केला. भाईंचं पान तेवढं कोरडं राहिलं. मीठसुद्धा नाही.

"माझा पान ऱ्हवला गो," भाई म्हणाले.

"मी जेवलंय," पद्मावती म्हणाली.

पंगतीतले हात थांबले. नवऱ्याआधी जेवलेली बाई गावानं पाहिली नव्हती, आणि जेवली असली तरी तसं तोंडानं सांगणारी तर नाहीच.

"पोटभर जेवलंय. खीर दोनदा घेतलंय. बायकोच्या जेवणातला अर्धा नवऱ्याक मिळता. तुमचा पोट भरला असतला."

कुणीतरी फिसकन हसलं. आबा गडबडीनं म्हणाले, "वहिनी, मस्करी पुरे. वाढा त्याका."

"आबा, तुमी स्वस्थ जेवा. घराक बायकोसाठी डबो मागू नकात. तुमी जेवलास की थंय तिचा पोट भरात."

आबांनी उचललेला घास परत पानात ठेवला. भाईंचा चेहरा कोकमासारखा लाल झाला. काशी करून आलेला माणूस, गळ्यात हार, आणि पुढ्यात कोरडं पान. ते ओरडले, "उद्याच्या उद्या वैभववाडीची वाट धर! माका तुझा तोंड बघूचा नाय."

"जातंय. पण थंय गंगा नाय."

वडीलधारी मंडळी कुजबुजू लागली. बाईनं इतकं करू नये, घराची अब्रू जाते, वगैरे वगैरे. अब्रूची काळजी आपल्याला अशाच वेळी पडते. तेवढ्यात माई भिंत धरत धरत आतून आल्या आणि मुलाच्या कोरड्या पानाशेजारी बसल्या.

"झिला, माझे गुडघे कोणाक इचारून मधी घातलंस?" त्या भाईंना म्हणाल्या. "माका इचारलंस? काशीबाय शेजारी आसा, तिणा माका बघल्यान असता. तुझ्या बापाशीनय माका असाच अर्धा पुण्य दिल्यान. ता खंय ठेवलंय, माका काय गावना नाय."

मग माईंनी पंगतीकडे तोंड वळवलं. "तुमच्यातल्या कोणाची बायल घाट चढान वर गेलीहा? सांगा."

आबांनी खाली बघत सांगितलं, "माझी गेल्ली. कोल्हापुराक. ऑपरेशनाक."

"तिका दुखण्यान न्हेल्यान," माई म्हणाल्या. "घोवान न्हेल्यान नाय."

मग त्या सुनेकडे वळल्या. "आणि तू गो? भुकेल्या घोवाक पानार बसवन तुका काय गावला? तुका सूड होयो की गंगा?"

"दोन्ही," पद्मावती म्हणाली.

माईंना हसू आलं. "सूड झालो. आता गंगेचा बोला."

भाई कोरड्या पानाकडे बघत होते. वड्यांचा वास येत होता, शेजारचे जेवत होते, आणि खीर कशी झाली आहे ते त्यांना नुसतं ऐकू येत होतं. घरी आल्यापासून आपण बायकोला दुसरं काय वाढलं? ताजमहाल असा, गंगेची आरती अशी! त्यांची मान खाली गेली.

"चुकलंय," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "फुडल्या वर्साक तुका न्हेतंय."

"न्हेव नकात. मी काय ट्रंक नाय. शुभदाबाई जातत, तेंच्यावांगडा मी जातलंय. माईंचे गुडघे कोण शेकतलो, ता सांगा."

भाईंनी आईकडे पाहिलं, पंगतीकडे पाहिलं. "मी शेकतलंय."

तेव्हा कुठे पद्मावतीनं त्यांच्या पानावर भात वाढला. वडे मात्र गार झालेलेच वाढले. तेवढा सूड अजून शिल्लक होता.

पुढच्या दिवाळीनंतर मालवणच्या बंदरावर तीन बायका उभ्या होत्या: शुभदाबाई, पद्मावती आणि आबांची बायको सुगंधा. बायका एकट्या काशीला निघाल्या म्हणून बघायला अर्धा बाजार आला होता, आणि बोलायचं ते बोलतही होता. बोट खोल पाण्यात थांबली होती. बायका होडीत बसल्या, तसे भाई गुडघाभर पाण्यात उतरून होडीचा काठ धरून सांगू लागले. पहिल्यांदा जाणाऱ्यानं ताजमहाल चांदण्यात बघावा, घाटावर पहाटे जावं, दिल्लीत आधी लाल किल्ला, मग मिनार, आणि मिनाराजवळ गेल्यावर वर बघताना...

पद्मावतीनं त्यांचा हात होडीवरून हळूच सोडवला.

"सांगा नकात," ती म्हणाली. "माझा मी बघतलंय."

होडी निघाली. भाई ओल्या धोतरानिशी घरी आले आणि त्यांनी माईंच्या शेकाचं पाणी तापत ठेवलं.

वाचकहो, पुण्य वाटून घेता येतं की नाही ते शास्त्री जाणोत, पण डोळे वाटून घेता येत नाहीत. हा देश जितका तुमचाआमचा, तितकाच आपल्या चुलीपुढे बसलेल्या बाईचा आहे. तिला त्याची वर्णनं ऐकवू नका. ती जाऊन येईपर्यंत घरातल्या म्हाताऱ्यांची पेज तुम्ही शिजवा.